‘आरमाराच्या वाटेने’ समुद्रसफर: देवगडच्या पुढे आम्हाला कसं फसवलं

दिवाळीनंतर समुद्र निवळला की मोबाइलवर एक जाहिरात फिरायला लागते. विजयदुर्ग ते निवती, आरमाराच्या वाटेने, शिडाच्या होडीतून दोन दिवस. किल्ले समुद्रातून बघायचे, रात्री वाळूवर तंबू, जेवायला सुरमई. माणशी साडेनऊ हजार. आम्ही सहा मित्र-मैत्रिणींनी ही सफर ठरवली आणि आमचे पैसे बुडाले. तरी मी लिहितोय ते पैशांपेक्षा भर समुद्रात जे झालं त्यासाठी.

फोनवरचा माणूस माहितगार होता. सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 साली सुरू झालं इथपासून ते कुठल्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला लाट फुटते इथपर्यंत सगळं घडाघडा सांगायचा. मागण्याआधीच त्याने मेरीटाइम बोर्डाच्या परवान्याचा फोटो पाठवला. बोटीचं नाव होतं, प्रवासी क्षमता होती, शिक्का होता. मुदतीची तारीख जिथे असायला हवी तो कोपरा मात्र फोटोत कापला गेला होता. निम्मे पैसे यूपीआयने गेले. निघायच्या तोंडावर दुसरी मागणी आली: तटरक्षक दलाच्या परवानगीची फी, माणशी दीड हजार. पैसे एका खासगी खात्यावर मागितले होते. तटरक्षक दल पर्यटकांकडून अशी कसलीही फी घेत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आदल्या रात्री निरोप आला की विजयदुर्गला बोट दुरुस्तीला काढलीय, तुम्ही देवगडला या.

देवगडला शीड नव्हतं आणि तो माणूसही नव्हता. फायबरची मासेमारीची होडी उभी होती, मागे आउटबोर्ड इंजिन, तळाशी ओली जाळी आणि बर्फाचे रिकामे खोके. होडीवर एक वयस्क तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, आणि त्याचा पोरगा. लाइफ जॅकेट चार, माणसं आठ. मी एक जॅकेट हातात घेतलं तर आतला फोम चुरमुऱ्यांसारखा कुरकुरत होता आणि बकल तुटल्यामुळे पट्ट्याला नायलॉनची दोरी बांधली होती. आयोजकाला फोन लावला. तो म्हणाला, ही फक्त मालवणपर्यंत सोडणारी होडी, मोठी बोट मालवणला तयार आहे, तांडेलाचे पैसे मी दिलेत.

सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर समुद्र अगदी शांत होता. कुणकेश्वराचं देऊळ समुद्रातून दिसलं तेव्हा सगळे खूश होते. दुपार कलली तसा वायव्येचा वारा चढला आणि होडी हेलकावायला लागली. तांबळडेगच्या समोर तांडेलाने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, “पैशे?”

त्याला सांगितलं होतं की भाडं आणि इंधनाचे पैसे पर्यटकच देतील. बारा हजार. “त्येनी सांगल्यान, पैशे तुमीच देतलास,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पुढे जायचं तर दुसरा कॅन हवा, आणि त्याच्या खिशात दमडी नव्हती. आमच्यातली एक मैत्रीण सारखी उलट्या करत होती. फोनला रेंज येत-जात होती आणि आयोजकाचा फोन आता बंद लागत होता. इंजिन बंद पडलेली होडी लाटांना आडवी होते आणि कशी लोळायला लागते, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. अशा वेळी घासाघीस करायला कोणाचं तोंड उघडत नाही. रोख होते तेवढे सात हजार आम्ही काढून दिले. त्या म्हाताऱ्यावर माझा राग नाही. त्याने आम्हाला सांभाळून मालवणजवळच्या सर्जेकोटला आणलं, आणि त्यालाही त्याच माणसाने बनवलं होतं. ज्याची होडी नाही, ज्याचा समुद्र नाही, असा हा मधला माणूस दोन्हीकडून खातो.

सर्जेकोटच्या बंदरावर मासळी उतरवणाऱ्या एका बाईने आमच्याकडे पाहून कपाळाला हात लावला. “तुमका कोणी सांगल्यान? ह्या होडयेर पाशिंजर चलत नाय.” खरं आहे. मासेमारीच्या नौकेची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे असते, तिच्यावर पर्यटक न्यायची परवानगी नसते. काही झालं असतं तर आम्ही कुठल्याच कागदावर नव्हतो. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले होते. तीही किनाऱ्याजवळच होती.

मालवणला मोठी बोट नव्हतीच. संध्याकाळी आयोजकाचा मेसेज आला: रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की खात्यातून पैसे जातात. आमच्यातल्या एकाने तिथल्या तिथे 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि बँकेलाही कळवलं. खात्यात शिल्लक असलेली थोडी रक्कम गोठवली गेली, बाकीची आधीच काढून घेतलेली होती. तासाभराचा उशीरही महागात पडतो, म्हणून घरी पोचून बघू असं करू नका.

किनारा बघायचाच असेल तर बंदरावर जा, बंदर कार्यालयात बोटीचं नाव सांगून विचारा, परवान्याचा मूळ कागद आणि त्याची मुदत डोळ्यांनी बघा. मालवणच्या जेटीवर सिंधुदुर्गाला जायचं तिकीट होडीवाल्यांच्या संघटनेकडेच मिळतं. लांबच्या सफरीचे पैसे बोटमालकाशी किनाऱ्यावरच ठरवा, इंधन कोणाचं हेही, आणि ज्याच्या हातात सुकाणू आहे त्याच्या तोंडून ते ऐका. माणशी एक धड जॅकेट नसेल तर पाय आत टाकू नका. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दल 1554, सागरी पोलिस 1093. दोन्ही नंबर निघण्याआधी प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत.

तो माणूस अजून मोकळा आहे. जाहिरातीच्या पानाचं नाव बदललंय, फोटो तोच आहे: दोन डोलकाठ्यांची पांढरी बोट, शिडाला लाल काठ, आणि मागे उघडाबोडका तपकिरी डोंगर, ज्यावर एक माड नाही की सुरूचं एक झाड नाही. आम्ही पाहिलेला सिंधुदुर्गचा किनारा असा नव्हता.