भाड्याच्या घराचा करार, दुरुस्तीचं कलम आणि आमचं डिपॉझिट

३१ मार्च २०२५ला आम्ही सिंहगड रोडवरचा भाड्याचा फ्लॅट सोडला. डिपॉझिट ८०,००० रुपये होतं. हातात आले १७,०००. उरलेले ६३,००० ‘दुरुस्ती’च्या नावाखाली कापले गेले. त्याआधी बावीस महिन्यांत मालकाच्या सांगण्यावरून आम्ही स्वतःच्या खिशातून २३,७०० घातले होते, ते वेगळेच. पुण्यात मे-जूनमध्ये घरं बदलतात, नवीन करार होतात. त्या लोकांपर्यंत हे वेळेत पोहोचावं म्हणून सगळं आकड्यांसकट लिहिते आहे.

आम्ही चौघं. मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. मुलाची शाळा जवळ पडावी म्हणून हा फ्लॅट घेतला. इमारत जुनी, तीन मजली, बिनलिफ्टची, आणि आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. भाडं १९,०००. मालक साठीच्या पुढचे, बोलायला अतिशय गोड. पहिल्या भेटीतच म्हणाले, “ताई, मला घर जपणारी माणसं हवीत, पैशाचं काय!” आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो.

एजंटने कराराचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तो मी खरंच वाचला होता. त्यात लिहिलं होतं की किरकोळ दुरुस्ती आम्ही करायची आणि मोठी, म्हणजे बांधकाम, गळती, भिंतीतले पाइप, वायरिंग, ही मालकाने. मला ते रास्त वाटलं. नळाचा वॉशर गेला, ट्यूब उडाली तर मालकाला फोन करणारी मी नाही.

नोंदणीला एजंट रात्री नऊ वाजता लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. ज्यांनी ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स (भाड्याने राहण्याचा नेहमीचा करार) केलंय त्यांना हे माहीत असेल: आधार नंबर, अंगठा, कॅमेऱ्यासमोर फोटो, दोन साक्षीदार, आणि वीस मिनिटांत काम संपतं. स्क्रीनवर करार उघडला होता. त्याने भराभर खाली सरकवत नाव, पत्ता, भाडं, मुदत एवढं दाखवलं. “बाकी तेच आहे ताई, तुम्हाला पाठवलेलं.” सासूबाईंना औषध द्यायची वेळ झाली होती, मुलगा झोपेला आला होता. मी अंगठा ठेवला. चार दिवसांनी नोंदणी झालेली पीडीएफ आली, तेव्हाही मी फक्त इंडेक्स टूवरची (नोंदणीच्या सारांशावरची) नावं तपासली आणि फाइल ठेवून दिली.

‘बाकी तेच’ नव्हतं. नऊ नंबरचं कलम बदललेलं होतं. कायद्याच्या इंग्रजीतल्या लांबलचक वाक्याचा अर्थ एवढाच: जागेची कोणत्याही स्वरूपाची देखभाल आणि दुरुस्ती लायसन्सीने, म्हणजे आम्ही, स्वखर्चाने करायची आणि जागा ‘होती तशी’ परत द्यायची. किरकोळ आणि मोठी हा फरकच त्यातून गेला होता. ‘वापराने होणारी साहजिक झीज सोडून’ हे शब्द मसुद्यात होते, तेही गायब. हे मला कळलं तब्बल पाच महिन्यांनी.

पहिल्याच पावसाळ्यात, जुलै २०२३ मध्ये, बेडरूमच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं. आधी ओल, मग पोपडे, मग एका रात्री गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी पडला. त्या रात्रीपासून त्या हॉलमध्ये झोपायला लागल्या. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, “गच्ची सोसायटीची, त्यांना सांगा.” सेक्रेटरींकडे गेले तर ते म्हणाले, “भाडेकरूचा अर्ज आम्ही घेत नाही, मालकाला लेखी द्यायला सांगा.” हे दोघंही आपापल्या परीने बरोबर बोलत होते, हे मला नंतर समजलं. गच्चीतून होणारी पावसाची गळती ही सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीच्याच खर्चाची बाब आहे, पण मागणी सभासदाने करायला हवी. मालकाने अर्ज दिला असता तर आमचा आणि त्याचा, दोघांचाही एक रुपया गेला नसता. त्यांनी तो दिला नाही. आज देतो, उद्या देतो करत ऑगस्ट उजाडला. मग म्हणाले, “ताई, सोसायटीच्या भरवशावर राहिलात तर दिवाळी येईल. माझा माणूस आहे, त्याच्याकडून करून घ्या, भाड्यातून वळते करू.”

त्यांच्या माणसाने गच्चीवरचा फुटलेला कोबा थोडा उकरून वरून केमिकल मारलं आणि आतून गिलावा केला. १४,५००. पावती साध्या वहीच्या पानावर, ना पत्ता ना जीएसटी नंबर. ऑक्टोबरमध्ये बाथरूमच्या भिंतीतला पाइप गळायला लागला. पुन्हा तोच माणूस, टाइल्स फोडल्या, पाइपचा तुकडा बदलला, ९,२००. दोन्ही वेळा ‘वळते करू’ हे वाक्य फोनवर. माझ्याकडे त्याचा एक ओळीचाही पुरावा नाही. असं काही बोलणं झालं की तिथल्या तिथे ‘काका, आत्ता ठरल्याप्रमाणे’ एवढा मेसेज टाकला असता तरी आज परिस्थिती वेगळी असती.

नोव्हेंबरचं भाडं देताना मी २३,७०० मधले निम्मे वळते करू का, असं विचारलं. उत्तर आलं, “ताई, नऊ नंबरचं कलम वाचा.” तेव्हा मी पीडीएफ उघडली.

एजंटला फोन केला तर म्हणाला की मसुदा म्हणजे नुसता नमुना असतो, सही केलीत तेच खरं. घर सोडावं असं मनात आलं होतं. पण लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, एक वर्षाचं, मुलाची शाळा अर्ध्यावर, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर. आम्ही गप्प बसलो, आणि माझ्या मते आमच्यासारखी माणसं अशीच गप्प बसतात हे समोरच्याला पक्कं ठाऊक होतं.

सोडण्याच्या दिवशी संध्याकाळी काका आले. सगळ्या खोल्या फिरले, नळ सोडून पाहिले, पंखे लावून पाहिले. “घर छान ठेवलंत हो,” असं म्हणाले. मी चाव्या दिल्या. डिपॉझिट आठ दिवसांत ट्रान्सफर करतो म्हणाले. सासूबाई दारातून म्हणाल्या होत्या, “पैसे आल्यावर चावी दे.” मला तेव्हा ते फार रोखठोक वाटलं. त्यांचं ऐकायला हवं होतं. चावी आणि चेक एकाच वेळी, एकाच टेबलावर, यात कुणाचा अपमान नाही.

एकोणीस दिवसांनी यादी आली. संपूर्ण फ्लॅटला दोन हात रंग, ३२,०००. सफाई ४,५००. नवीन गीझर ७,८००. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या ९,०००. स्विचबोर्ड ३,२००. प्लंबिंग ६,५००. खाली एक ओळ: ‘कलम ९ प्रमाणे.’

गीझर आम्ही राहायला आलो तेव्हाच दहा-अकरा वर्षांचा होता. त्याची एखादी कॉइल गेली असती तर मी आनंदाने भरली असती. पण दुसऱ्याच्या जुन्या गीझरच्या जागी नवा घेऊन देणं ही दुरुस्ती कशी? आणि रंग! माणसं घरात राहिली की भिंती मळतात. त्यासाठीच तर भाडं घेतात.

मेच्या शेवटी विम्याचं एक कुरिअर जुन्या पत्त्यावर गेलं, ते आणायला मी तिथे गेले. नवीन जोडपं राहायला आलं होतं, लग्नाला वर्षही झालं नसेल. मुलगी आदबशीर, आत या म्हणाली, पाणी दिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर, सिलिंडरच्या वर, पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा होत्या. नवा सिलिंडर लावला की तारीख लिहायची ही माझी सवय. एकाखाली एक, माझ्या अक्षरात, शेवटची ९ मार्च. पुसलेल्या नाहीत, झाकलेल्या नाहीत. संपूर्ण फ्लॅटला दोन हात रंगाचे ३२,००० आमच्याकडून घेतले होते आणि भिंतीला ब्रश लागलेला नव्हता.

तिची परवानगी घेऊन मी फोटो काढले. ट्रॉल्या त्याच होत्या, तीच तिरकी खालची ट्रॉली. गीझर मात्र नवा होता. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, “तुमच्या आधीच्या पोरांनाही रंगाचे पैसे लावले होते. मी इथे सात वर्षं आहे, रंगारी काही बघितला नाही.” जवळजवळ दोन वर्षं शेजारी राहून आम्ही कधी या विषयावर बोललोच नव्हतो. घर बघायला जाल तेव्हा मालक-एजंट निघून गेल्यावर परत जिना चढा आणि समोरच्या दारावरची बेल वाजवा. आधीच्या भाडेकरूंना डिपॉझिट मिळालं का, एवढंच विचारा.

नंतर मी वकीलबाईंना भेटले. त्यांनी जे सांगितलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातल्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून भाड्यातून खर्च वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. ऐकून मला वाटलं, चला, सुटलो. पण त्यात दोन अडचणी आहेत. त्याच कलमात म्हटलंय की भाडेकरूने करारात वेगळं मान्य केलेलं नसेल तर. आम्ही नवव्या कलमात नेमकं तेच मान्य करून बसलो होतो. आणि दुसरं, आमचा कागद भाडेपट्टा नव्हताच. तो लिव्ह अँड लायसन्स. १८८२च्या ईझमेंट कायद्यातलं लायसन्स म्हणजे दुसऱ्याची जागा वापरण्याची नुसती परवानगी. भाडेकरूचं संरक्षण लायसन्सीला तसंच्या तसं लागू होत नाही. अशा वेळी दुरुस्ती कोणाची, याचं उत्तर कायद्यात शोधायला गेलात तर पुन्हा कराराकडेच परत यावं लागतं. म्हणून ते एक वाक्य भाड्याच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

त्यांनी मला केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याची अनुसूची दाखवली. तो नमुना आहे, आमच्या कराराला तो लागू नव्हता. पण त्यात कामांची सरळ वाटणी आहे. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, आतलं-बाहेरचं वायरिंग ही मालकाकडे. नळ आणि वॉशर, मोरी साफ करणं, बेसिन आणि संडासाची दुरुस्ती, गीझरची दुरुस्ती, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा ही राहणाऱ्याकडे. भाडेकरूची यादी काही छोटी नाही, हेही सांगायला हवं. पण ती यादी आहे, ‘कोणत्याही स्वरूपाची’ असा मोकळा दरवाजा नाही. रहिवासी जागेसाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असंही त्यात म्हटलंय. आम्ही चार महिन्यांहून जास्त भाडं आधीच त्यांच्या हातात देऊन ठेवलं होतं.

नोटीस गेली, सोबत भिंतीचे फोटो. शिवाय १ जून २०२३ला दूध उतू घालतानाचा आमचा एक फोटो सापडला, त्यात मागे ती तिरकी ट्रॉली स्पष्ट दिसते. तीन आठवड्यांत रंगाचे ३२,००० आणि ट्रॉल्यांचे ९,००० परत आले, एका अक्षराच्याही मेसेजशिवाय. उरलेल्या ४५,७०० साठी कोर्टात जायचं तर वेळ आणि खर्च दोन्ही परवडणारं नव्हतं. ते पैसे गेले. सासूबाईंनी आयुष्यभर साडीच्या घडीत नोटा ठेवून संसार केला, त्या आजही हा आकडा निघाला की उठून आत जातात.

आताच्या घराचा करार मी दोन दिवस आधी मागून घेतला. दुरुस्तीची ती वाटणी त्यात ओळीनुसार घालायला लावली, ‘साहजिक झीज सोडून’ हे शब्द परत आणले, आणि घरातल्या वस्तूंची वयासकट यादी जोडली: गीझर किती वर्षांचा, ट्रॉल्या कशा स्थितीत. चाव्या मिळाल्याच्या तासाभरात प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून मालकीणबाईंना पाठवला. त्यांनी उलट ‘छान केलंत’ म्हणून कळवलं. अंगठा ठेवण्याआधी स्क्रीनवरचं प्रत्येक कलम मी मोठ्याने वाचलं. एजंट दोनदा घड्याळाकडे बघत होता. बघू दे.

त्या दिवशी जुन्या फ्लॅटमधून निघताना मी त्या मुलीला म्हटलं होतं, तुमचा करार एकदा बघता का? तिने फोनवर पीडीएफ उघडली. नववं कलम शब्दाला शब्द तेच होतं. तिला माझा नंबर दिला. जूनच्या मध्यावर एका रात्री तिचा फोन आला. बेडरूमचा कोपरा ओला झाला होता आणि काका म्हणाले होते, माझा माणूस आहे, करून घ्या, भाड्यातून वळते करू. मी तिला म्हटलं, फोन ठेव आणि हेच वाक्य त्यांना आत्ता मेसेजमध्ये लिही. सोसायटीला त्यांनीच अर्ज द्यावा असं त्याखाली लिही, ओल्या भिंतीचा फोटो जोड, आणि त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत त्या माणसाला दारात उभा करू नकोस.