लॅपटॉपवर लिनक्स चालेल का: सेटअप (बायोस/यूईएफआयची सेटिंग्ज) पाहून ठरवावं की लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह) लावून?

सेटअप पाहणं पाच मिनिटांचं काम. लॅपटॉप सुरू होताना बहुधा एफ२ किंवा डिलीट दाबा. सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद करता येतो का, यूएसबीवरून बूट चालतं का, एवढं बघा. सिक्युअर्ड-कोअर (मायक्रोसॉफ्टच्या जास्त कडक सुरक्षेच्या) लॅपटॉपवर इतरांच्या बूट प्रोग्रॅमना मान्यता देणारं मायक्रोसॉफ्टचं थर्ड पार्टी सीए प्रमाणपत्र मुळातच बंद असतं. ते चालू केलं नाही, तर उबंटू-फेडोरा या लिनक्सांचा सही असलेला शिमही (बूट सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) अडतो. चालू केलं, की त्यांच्यासाठी सिक्युअर बूट बंद करायची गरजच उरत नाही. आर्च लिनक्सच्या आयएसओला (इन्स्टॉलची फाइल) मात्र सिक्युअर बूट बंदच लागतो.

पण सेटअपमध्ये फक्त पर्याय दिसतात. वायफाय, आवाज आणि स्लीपमधून नीट जागं होणं लाइव्ह यूएसबीवरच कळतं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेकांना पुरतो. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही, तर आधी सेटअपमधल्या इंटेल आरएसटी या डिस्क मोडवर संशय घ्या. तो बदलून एएचसीआय हा साधा मोड केला की लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकू शकतं.

नवा लॅपटॉप परत करण्याची मुदत चालू असेल, तर लाइव्ह यूएसबीच लावा. मात्र सेटअपमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, आणि तीही त्याच लॅपटॉपमध्ये नको!