हातघडणीचं जुनं आर्चटॉप (फुगीर टॉपचं गिटार) की नवं प्लायवूडचं?

दोन्हींत मन अडकलं असेल, तर आधी मुंबईची हवा बघा. जुन्याचा टॉप, म्हणजे वरची फळी, भरीव स्प्रूस लाकडातून कोरलेला; पावसाळ्यात तो फुगतो, तारा उंच होतात, एसीत सुकला की जोड उकलतो. प्लायला हा त्रास कमी.

घेण्याआधी टॉपवर बोटाने टकटक करा. खरखर आली, तर आतली ब्रेस (आधारपट्टी) सुटली असण्याची शक्यता मोठी. तारा पेलणाऱ्या ब्रिजखाली कागद सरकतोय? मग त्याचा पाया नीट टेकलेला नाही. तो घासून बसवणं सोपं. नेकचा (दांड्याचा) जोड उघडला असेल, तर मात्र खर्च मोठा, किंमत पाडूनच घ्या. ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) फिरतो का, हेही बघाच.

अँपशिवाय (अँप्लिफायरशिवाय) कोरीव टॉपचा आवाज भरदार, अँपवर मात्र फीडबॅक (घुमणारा, शिटीसारखा आवाज) लवकर. घरी वाजवून खोलीत ४५-५५ टक्के आर्द्रता राखणाऱ्यांनी जुनं घ्यावं. बँडसोबत लोकलने फिरणाऱ्यांनी प्लायचंच.