‘डॉक्टर हू’चे कोडे-खेळ: पैसे मोजावेत असा एक

बीबीसीवर १९६३ साली सुरू झालेल्या, ‘डॉक्टर’ नावाच्या कालप्रवाशाच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेवर मोबाइलसाठी बरेच खेळ निघाले. त्यांतला कोड्यांसाठी आवर्जून घ्यावा असा २०२१ चा ‘द लोनली अ‍ॅसॅसिन्स’. मेझ थिअरीनं तो आणला, घडवला मलेशियाच्या कायगन गेम्सनं. सापडलेल्या फोनवरच बेतलेला ‘सिम्युलाक्रा’ हा खेळही त्यांचाच.

खेळ सुरू केला की आपल्या स्क्रीनवर दुसऱ्याच कुणाचा फोन उघडतो. तो आहे लॉरेन्स नाइटिंगेलचा, म्हणजे २००७ च्या ‘ब्लिंक’ भागातल्या लॅरीचा, आणि लॅरी बेपत्ता आहे. मालिकेतल्या ‘युनिट’ या परग्रहवासीयांशी लढणाऱ्या संघटनेची ऑसगुड मेसेजवरून मदत मागते. मग मेसेज, मेल, फोटो, व्हिडिओ धुंडाळायचे, कामाचा धागा सापडला की तो निवडून तिला पाठवायचा. गाडी अडली, तर आधी मेसेजची साखळी अगदी वरपर्यंत सरकवून पाहा. जुने मेसेज वाचायचे राहून जातात. फोटोही मोठा करून कोपऱ्यांसकट तपासायचा.

‘ब्लिंक’ आधी बघूनच घ्या. त्यातले राक्षस, विपिंग एंजल्स, कुणी पाहत असेल तोवर दगडी पुतळे असतात. नजर हलली की सरकतात, आणि ज्याला शिवतात त्याला भूतकाळात फेकून त्याची न जगलेली वर्षं खातात. खेळात आपलं कामच टक लावून बघण्याचं आहे. त्यामुळे मालिकेतली भीती इथे वरून चिकटवलेली वाटत नाही, कोड्यातूनच येते. हीच याची खरी कमाई.

कोडी मात्र सोपी आहेत. उत्तरांचे पर्याय मिळतात, पण गोष्ट बऱ्यापैकी ठरल्या वाटेनंच जाते. दोन-तीन तासांत आटोपते, दुसऱ्यांदा खेळण्याजोगं फारसं उरत नाही. मराठी नाही, आणि इंग्रजी भराभर वाचता आलं पाहिजे.

आता फोनचं. यातले व्हिडिओ बरेच अंधारे आहेत. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात टेम्पर्ड ग्लास लावून घेताना अनेक जण प्रायव्हसी ग्लास घेतात. ती मुळातच स्क्रीन काळवंडवते आणि फोन जरा तिरपा झाला तर काहीच दिसत नाही. त्यात ‘आय कम्फर्ट’चा पिवळा फिल्टर चालू असेल तर बारीक खुणा हमखास निसटतात. तो बंद करा, ब्राइटनेस हातानं वाढवा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास असताना चार्जिंगला लावून खेळू नका. तापलेला फोन स्वतःच ब्राइटनेस उतरवतो, मग कितीही वाढवा, वर जात नाही. शिवाय कूलरच्या घरघरीत व्हॉइसमेल आणि कुजबुज बुडून जाते, म्हणून हेडफोन हवेतच. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक मेट्रोनं जाता-येता तुकड्या-तुकड्यानं खेळण्याचा हा खेळ नव्हे. रात्री, सलग बसा.

जुन्या मंडळींना ‘डॉक्टर हू: लेगसी’ आठवत असेल. मालिकेच्या ५० व्या वर्षी, २०१३ मध्ये टायनी रिबेल गेम्सनं आणलेला, फुकट. मालिकेतल्या डॉक्टरचा एक अवतार आणि पाच साथीदार असा चमू करायचा, काही सेकंदांत एक रत्न पटावर हवं तसं ओढत न्यायचं, एका रंगाची तीन किंवा जास्त जुळवायची. गुलाबी जुळली की जीव भरून निघायचा. कोडं म्हणून तो ‘लोनली अ‍ॅसॅसिन्स’पेक्षा कितीतरी खोल होता, यात शंका नाही. पण तो सर्व्हरवर चालायचा. सर्व्हर बंद झाला आणि जमवलेले सगळे साथीदार गेले. कुठल्याशा साइटवर त्याची एपीके (अँड्रॉइडवर थेट टाकायची फाइल) दिसली तरी टाकू नका: सर्व्हरच नसल्यानं खेळ चालणार नाही, आणि अनोळखी फाइलला परवानगी दिल्यानं फोन मात्र धोक्यात येईल.

‘लोनली अ‍ॅसॅसिन्स’ संगणकासाठी स्टीमवर आणि निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवरही आला. पण मोठ्या पडद्यावर ‘सापडलेला फोन’ हातात असल्याची मजा जाते. घ्यायचाच तर मोबाइलवर घ्या.