पंच, कात्री की कटर? आठ महिने कागद कापल्यानंतर

हाताने शुभेच्छापत्रं करायला लागून आठ महिने झाले. त्यातच एक फोटो अल्बम झाला, भिंतीवर लावायची कागदी फुलं झाली आणि कागदातून कापलेल्या पक्ष्यांचं एक टांगतं झुंबर झालं. साधनं मात्र मी उलट्या क्रमाने घेतली. आधी दिसायला छान म्हणून आकारांचे पंच (दाबलं की कागदातून फूल-पान असा आकार कापणारं साधन), मग कात्र्या, नंतर क्राफ्ट नाइफ, आणि सगळ्यांत शेवटी कटिंग मॅट, म्हणजे कापताना कागदाखाली ठेवायची चटई. आज पहिल्यापासून सुरुवात करायची असती, तर मॅट आणि जादा पाती आधी घेतली असती.

क्राफ्ट नाइफ म्हणजे पेनासारखा धरायचा कटर. त्याला ११ नंबरचं टोकदार पातं बसतं. पहिले दोन महिने मी एकच पातं वापरलं. कडांना बारीक तंतू उभे राहायचे, कोपऱ्यात कागद ओढला जाऊन फाटायचा, आणि मी दोष द्यायची कागदाला. एकदा पातं बदललं आणि त्याच गठ्ठ्यातला कागद लोण्यासारखा कापला गेला. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो. माझं बोट कापलं तेही त्या जुन्याच पात्याने. आता साधा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद हलक्या हाताने एका फेरीत सुटला नाही, की पातं बदलते. पात्यात काटकसर करू नका, हे अगदी कळकळीने सांगते.

जाड कार्डपेपरला एकदम दाबू नये. त्याच रेषेवरून दोन-तीन वेळा हलकेच फिरवलं की कड सरळ राहते. जाळीदार नक्षी असेल तर आतले बारीक तुकडे आधी काढायचे आणि बाहेरची रेष सगळ्यांत शेवटी कापायची, कारण बाहेरचा कागद सुटला की उरलेली नक्षी हातात लुळी पडते. कोपऱ्यावर येऊन थांबण्यापेक्षा कोपऱ्यात टोक टेकवून तिथून बाहेर कापत गेलं, तर टोकं स्वच्छ येतात. झुंबराचे पहिले चार पक्षी वाया गेल्यावर मला हे उमगलं.

मॅट नव्हती तेव्हा खाली जुना पुठ्ठा ठेवायची. पुठ्ठ्यावर आधीच्या चिरा पडलेल्या असतात, पात्याचं टोक नेमकं त्यांत शिरतं आणि रेष सोडून जातं. काचेवरही करून पाहिलं. काचेला काही होत नाही, पण पातं लवकर मरतं आणि सरकतंही. मॅटचा वरचा थर मऊ असतो, त्यात पातं किंचित रुततं आणि चीर पुन्हा मिटते. फक्त तिला उन्हापासून जपा. माझी खिडकीपाशी उभी ठेवलेली मॅट वाकली ती वाकलीच. आता दुसरी आहे, ती आडवीच ठेवते.

पट्टी स्टीलची घ्या. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड पातं तासतं आणि मग प्रत्येक रेष वाकडी येते. मागे कॉर्क लावलेली पट्टी सरकत नाही. पट्टी नेहमी हव्या असलेल्या भागावर ठेवावी, म्हणजे हात चुकला तरी टाकाऊ बाजू बिघडते.

बाहेरच्या वळणांसाठी मला अजूनही छोटी, टोकदार कात्रीच आवडते. कात्रीचा हात स्थिर ठेवायचा आणि कागद फिरवायचा. पाती दर वेळी पूर्ण मिटली तर वळणावर लहान लहान खाचा पडतात, म्हणून मिटण्याआधीच पुढे सरकायचं. चिकटपट्टीसाठी वेगळी कात्री ठेवा. गोंद लागलेली कात्री कागद कापत नाही, चावते.

आता पंच. एकाच मापाची पन्नास फुलं हवी असतील तर त्याला तोड नाही. पण पंच कडेपासून ठरावीक अंतरापर्यंतच पोचतो, कागदाच्या मध्यभागी खिडकी पाडायची तर कटरच लागतो. पंच उलटा धरून कापलं तर आकार नेमका कुठे पडतोय ते दिसतं. टिश्यू पेपर आत अडकतो, त्याच्याखाली साधा कागद जोडला की सुटतो. कड खरबरीत येऊ लागली तेव्हा ॲल्युमिनियम फॉइलची दुहेरी घडी दहा-बारा वेळा कापली, दांडा जड झाला तेव्हा मेणकागद कापला. दोन्हींनी फरक पडला. मोठ्या पंचाने जाड कागद कापताना मात्र मनगट दुखतं. असा पंच घ्यायचाच असेल तर बटणाचा नको, दांड्याचा घ्या.

कंपाससारखा वर्तुळ-कटर समाधान देतो, पण मध्यभागी टाचणीचं भोक राहतं. टाचणीखाली, कागदाच्या वर, पुठ्ठ्याचा छोटा तुकडा ठेवला की कागदावर भोक पडत नाही. अगदी लहान वर्तुळं यावर धड होत नाहीत, त्यांना पंच बरा.

संगणकाला जोडायचं कटिंग मशीन मैत्रिणीकडून तीन आठवडे आणलं होतं. अक्षरं आणि एकसारखी नाजूक नक्षी फार सुरेख आली. पण प्रत्येक कागदाला पात्याची खोली चाचणी घेऊन ठरवावी लागते, आणि कागद ज्यावर चिकटवून मशीनमध्ये घालतात त्या चिकट मॅटची पकड हळूहळू उतरते. कापलेला कागद मॅटवरून ओढून काढला की गुंडाळतो, म्हणून मॅट पालथी घालून मॅटच वाकवत सोडवायची. महिन्यातून चार कार्डं करणाऱ्याला हे मशीन लागत नाही, असं माझं मत झालं. मी घेतलं नाही.

वापरलेली पाती मी झाकणाच्या पत्र्याच्या डबीत टाकते. झाकणाला एक अरुंद चीर पाडली आहे, त्यामुळे डबी उघडावी लागत नाही. भरली की चिकटपट्टीने पूर्ण बंद करून, वर ठळक अक्षरांत ‘धारदार पाती’ असं लिहून मगच कचऱ्यात देते.