वर्गातली एस्केप रूम: स्मार्ट बल्ब घ्यायचा की नंबर लॉक?

लोकवर्गणीतून पाच हजार जमलेत, सहावी ते आठवीची पन्नासेक मुलं आहेत आणि वर्गात एस्केप रूम करायची आहे. पैसे मोबाईलवरून रंग बदलणाऱ्या स्मार्ट बल्बवर, झाकण उघडल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरवर, बोलणाऱ्या स्पीकरवर घालायचे की साध्या नंबर लॉकवर? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत मी दोन्ही करून पाहिलं, आणि त्यातून तिसरा एक मार्गही सापडला. ज्या शिक्षकांना येत्या सत्रात हे ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितो आहे.

खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गटानं कोडी सोडवायची, एकेका उत्तरानं पुढचं कुलूप उघडायचं, ठरलेल्या वेळात शेवटच्या पेटीपर्यंत पोचायचं. जपानात क्योटोमध्ये २००७ साली असे खेळ सुरू झाले. शहरात लोक यासाठी स्वतःला खोलीत कोंडून घेतात. शाळेत दार कधीच बंद करायचं नाही. ४ जानेवारी २०१९ ला पोलंडमधल्या कोशालिन शहरात अशा एका खोलीला आग लागली आणि पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. त्यामुळे दाराला लावायचं स्मार्ट लॉक मी या तुलनेत घेतच नाही. कुलूप पत्र्याच्या पेटीला लावा, वर्गाचं दार सताड उघडं ठेवा.

आमचा खेळ मामा (माजी मालगुजारी) तलावावर बेतलेला आहे. मालगुजारीच्या काळातला गावतलाव भरलेला आहे, धान निसवायला आलंय, बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, भेगा पडू लागल्यात आणि पाणी सोडायच्या दाराची किल्ली सापडत नाही. पहिल्या कोड्यात तीन शेतकऱ्यांचे सातबारे दिलेले: ०.८१, १.२१ आणि २.०२ हेक्टर. घरी सगळे एकरातच बोलतात, तेव्हा एकर काढा. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. गुणाकार केला की जवळपास २, ३ आणि ५ येतात, तोच कुलपाचा नंबर. दशांश अपूर्णांकाला कंटाळणारी मुलं या सातबाऱ्यावर ज्या तन्मयतेनं वाकलेली असतात, ती पाहिल्यावर हा खटाटोप कशासाठी करायचा हे मला कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

आता कुलपाचं. तीन आकडी नंबर लॉक दीडशे-दोनशे रुपयांत तालुक्याला मिळतं. त्याला वीज लागत नाही, रेंज लागत नाही. खटकन उघडल्याचा आवाज आणि हाताला कळणारी ती ढिलाई मुलांना फार आवडते. त्याचा दोष एकच, पण मोठा. तीन आकड्यांचे एकूण १००० नंबर होतात. आमच्या सातवीतल्या एका मुलानं कोडं बाजूला ठेवलं आणि शांतपणे ०००, ००१, ००२ असं सुरू केलं. नंबरमागे दोन सेकंद धरले तरी तेहतीस मिनिटांत सगळे संपतात. आमचा नंबर २३५ असल्यानं तो आठ मिनिटांत पोचला. तेव्हापासून मी चार आकडी कुलूप वापरतो आणि चौथा आकडा दुसऱ्या कोड्यात दडवतो. दुसरी अडचण अशी की कुलूप एका वेळी एकाच्याच हातात असतं. बाकीची चार मुलं त्याच्या खांद्यावरून डोकावत राहतात.

नेमक्या याच जागी स्मार्ट बल्ब सरस ठरतो. पेटीचं झाकण उघडलं की लाल उजेड जातो आणि अख्खा वर्ग हिरवा होतो. ते एकाच क्षणी सगळ्यांना दिसतं, मागच्या बाकावरच्यालाही. झाडीपट्टीतल्या मुलांना याची गंमत वेगळी सांगावी लागत नाही. दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, रात्रभर नाटकं पाहिलेली ही मुलं. मंचावरचा उजेड बदलला की पुढं काहीतरी घडणार, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. पहिल्यांदा बल्ब हिरवा झाला तेव्हा पन्नास मुलांनी एकदम श्वास घेतलेला मी ऐकलाय. नंबर लॉकनं ते कधी झालं नाही.

पण त्या एका क्षणामागे काय काय लागतं तेही पाहा. बल्ब पाचशे-सातशेचा, झाकणाचा वायफाय सेन्सर हजाराच्या आत-बाहेर. असे बहुतेक बल्ब २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायवर चालतात, त्यामुळे मोबाईलच्या हॉटस्पॉटमध्ये तोच बँड निवडावा लागतो. ज्या फोनवर ॲप आहे त्याच फोनचा हॉटस्पॉट वापरला तर जोडणी बऱ्याचदा अडते. दोन फोन ठेवा, एक हॉटस्पॉटला, एक ॲपला. झाकण उघडल्याची खबर साधारणपणे आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तिथून बल्बला आदेश येतो. त्यामुळे इंटरनेट गेलं की जादू संपली. शिवाय हे सेन्सर सेल वाचवायला झोपलेले असतात, जागे होऊन जोडले जायला काही सेकंद घेतात. तेवढ्यात मुलं झाकण परत लावून टाकतात.

आणि लाईन. मागच्या वर्षी खेळ ऐन रंगात असताना "गुरुजी, लाईन गेली!" असा ओरडा झाला. दहा मिनिटांनी लाईन आली तेव्हा लाल असलेला बल्ब पांढरा स्वच्छ पेटला. वीज परत आल्यावर आधीचा रंग धरून ठेवायची सोय काही बल्बांत असते आणि ती ॲपमध्ये आधी चालू करावी लागते. मला ते माहीत नव्हतं. मुलांना वाटलं, कुठल्या तरी गटानं तलाव उघडला. दोन गटांनी हातातलं कोडं टाकून दिलं. सहावीतली एक मुलगी कागद घडी करून दप्तरात ठेवत होती. तिचं उत्तर बरोबर होतं, एकच पायरी उरली होती. ते दृश्य मला अजून सलतं.

बोलणाऱ्या स्पीकरबद्दल थोडक्यात सांगतो: घेऊ नका. अलेक्सा हिंदी-इंग्रजी समजते. आमच्या मुलांची मराठी, त्यातही झाडीबोली, तिच्यापुढं टिकत नाही. उत्तर बरोबर असूनही यंत्राला कळलं नाही म्हणून मूल चूक ठरतं, आणि हे मला मान्य नाही. भरल्या वर्गाच्या कलकलाटात तर विचारूच नका. वर मुलांचा आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे. चार-पाच हजार घालून ही जबाबदारी कशाला घ्यायची?

तिसरा मार्ग बिघाडातूनच निघाला. झाकणाचा एक सेन्सर बंद पडला म्हणून आठवीतल्या मुलांनी सेल काढून तो उघडला. आत बोटाच्या पेरापेक्षा लहान काचेची नळी होती, तिच्यात केसासारख्या दोन पट्ट्या. झाकणाचा चुंबक जवळ आणला की पट्ट्या चिकटतात, लांब नेला की सुटतात. "एवढंच आहे यात?" एकानं विचारलं. एवढंच. याला रीड स्विच म्हणतात, आणि सुटा घेतला तर वीस-तीस रुपयांत मिळतो. नऊ व्होल्टचा सेल, एक बझर आणि हा स्विच एका ओळीत जोडला की योग्य जागी चुंबक ठेवताच पेटी वाजते. दिवा लावायचा असेल तर एलईडीला चारशे-पाचशे ओहमचा रोध (रेझिस्टर) जोडा, नाहीतर तो क्षणात जळतो. आठवीला धाराविद्युत आणि चुंबकत्व शिकवतोच आपण. इथं तो पाठ पेटीच्या झाकणाखाली सापडतो. लाईन जावो, रेंज जावो, याला फरक पडत नाही.

हात थोडा सैल असेल तर मायक्रोबिट पाहा. ब्रिटनमध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना वाटलेलं हे छोटं सर्किट बोर्ड दोन छोट्या सेलवर चालतं आणि त्यावर २५ दिवे असतात. दोन बोर्ड एकमेकांशी वायफायशिवाय रेडिओवर बोलतात. म्हणजे एका कोपऱ्यात पेटी उघडली की दुसऱ्या कोपऱ्यातल्या बोर्डावर खूण उमटते. स्मार्ट बल्बचं काम, इंटरनेट वजा. प्रोग्रॅम लिहायला लॅपटॉप किंवा मोबाईलवरचं ॲप मात्र लागतं.

शाळेत इन्व्हर्टर असेल आणि वर्गाच्या आत, नुसती व्हरांड्यात नाही, रेंज टिकत असेल, तर एक बल्ब जरूर घ्या. एकच, आणि तो शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवा. मधली कोडी त्याच्यावर टांगू नका. रंग ॲपमधून स्वतःच बदलला तरी चालतं. मुलं पेटीकडे बघत असतात, तुमच्या फोनकडे नाही. असं केलं तर सेन्सरचे हजार रुपये वाचतात. इन्व्हर्टर नसेल तर बल्बचा विचार सोडून द्या. पाच हजारांत चार आकडी तीन कुलपं, रीड स्विच-बझरचे पाच-सहा संच, जास्तीचे सेल आणि इन्व्हर्टर असेल तर एक बल्ब एवढं बसतं, आणि निम्म्याहून अधिक पैसे उरतात. त्यांत दोन मायक्रोबिट बसत असतील तर बघा. पेट्या विकत घेऊ नका, प्रत्येक घरात माळ्यावर एखादी असते.

यंदा आमची आठवी सहावीसाठी पेटी बनवते आहे. स्विच झाकणात बसवायचा की तळाला, यावरून दोन गटांचं अजून जुळलेलं नाही. तळाचं म्हणणाऱ्यांचं कारण असं, की सहावीची मुलं आधी झाकणच पिंजतील.