अ‍ॅरिस्टॉटलचं 'पोएटिक्स' : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात पानं सुटली. नेमकी तेराव्या प्रकरणापाशी, कारण सात महिने पुस्तक तिथेच उघडत होतं. २६० रुपयांच्या पेपरबॅकचा डिंक एवढाही टिकू नये? विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, परताव्याची मुदत सात दिवस. शेवटी बाइंडरकडून ८० रुपयांत शिवून घेतलं. म्हणजे किंमत ३४० धरा.

पण माझा खरा राग प्रस्तावनेवर आहे. मूळ मजकूर छोटा, ग्रीक ट्रॅजेडी (गंभीर नाटक) कशी असावी यावरचा, २६ प्रकरणांचा. प्रस्तावना लांबलचक, आणि तिच्यात 'हमार्तिया' म्हणजे सरळ 'ट्रॅजिक फ्लॉ', नायकाचा स्वभावदोष! पहिले दोन महिने मीही तेच धरून वाचलं. सोफोक्लीसच्या नाटकातला इडिपस राजा तापट, म्हणून त्याची ही गत. मग तेरावं प्रकरण सावकाश वाचलं. नायक कोसळतो तो दुष्टपणामुळे नव्हे, कुठल्याशा हमार्तियामुळे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. ग्रीकमध्ये त्याचं क्रियापद नेम चुकण्याला वापरतात; होमरच्या महाकाव्यातल्या युद्धात भाला हुकतो तो याच शब्दाने. इडिपस तिठ्यावर एका अनोळखी माणसाला मारतो. तो बाप निघतो. बापाची हत्या हातून होऊ नये म्हणूनच तर हा, जिथल्या राजाला बाप समजत होता त्या कॉरिंथकडे, पाठ फिरवून निघालेला! याला स्वभावदोष कसं म्हणायचं? ही चूक आहे, न कळता झालेली. त्याच प्रकरणात, त्याच्या थोडं आधी, आहे की करुणा वाटते ती नाहक भोगणाऱ्याबद्दल आणि भय वाटतं ते आपल्यासारख्याचं झालेलं पाहून. दोष चिकटवला की 'भोगतोय कर्माची फळं' म्हणून आपण मोकळे होतो, मग करुणा उरतेच कुठे?

'कॅथार्सिस'चा, म्हणजे करुणा आणि भयातून होणाऱ्या भावनांच्या शुद्धीचा, उलगडा शोधत असाल तर मिळणार नाही. सहाव्या प्रकरणातल्या व्याख्येत शब्द येतो आणि जातो.

मी तीनच स्टार देणार होतो, कारण चौदावं प्रकरण तेराव्याशी भांडतं. तेराव्यात शेवट दुःखाचा हवा; चौदाव्यात मात्र घात होण्याआधी ओळख पटणं सर्वांत उत्तम, जसं युरिपिडीसच्या नाटकातली पुजारीण इफिगेनिया भावाचा बळी दिला जाण्याआधी त्याला ओळखते. आधी हा घोळच वाटला. आता वाटतं, दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, आपल्या माणसाला न ओळखण्याचा. इडिपसला उशिरा कळतं, इफिगेनियाला वेळेत. ट्रॅजेडीसाठीचा आपला 'शोकांतिका' हा शब्द इफिगेनियाच्या नाटकाला बसतच नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. चार स्टार.

घेणार असाल तर शिवलेल्या बांधणीची प्रत घ्या, प्रस्तावना शेवटी वाचा. आणि त्याआधी सोफोक्लीसचं 'इडिपस' वाचून घ्या. ते तुम्हाला माहीत आहे असं धरूनच अ‍ॅरिस्टॉटल बोलतो.